टांझानाइटची अंगठी: सव्वा वर्ष वापरल्यावर

खडा १.६२ कॅरेटचा, लंबगोल, निळा आणि त्यात जांभळी झाक. अंगठी चांदीची, चार नख्यांची. गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या आदल्या आठवड्यात ठाण्यात घेतली, गोखले रोडच्या आतल्या एका गल्लीतल्या जुन्या सराफाकडे. खड्याचे १९,५०० रुपये, मजुरी १,८००, चांदी माझी. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण एका बाबतीत माझी त्यांच्याबद्दल तक्रार आहे आणि ती मी त्यांना तोंडावर सांगितली आहे. खड्याबद्दल मात्र सविस्तर लिहिते. घेण्याआधी मी मराठीत खूप शोधलं, आणि जे मिळालं ते सगळं शनी, साडेसाती आणि 'नीलमचं उपरत्न' एवढ्यावरच होतं. मला ग्रहासाठी नको होता. मला तो रंग आवडला होता आणि आजीच्या चांदीचं काहीतरी अंगावर हवं होतं.

मी कोपरखैरण्याला राहते. वडील तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी होते. आमचं मूळ गाव पारनेर तालुक्यात, घर मेंढपाळांचं. मी वाशीला दुय्यम निबंधक कार्यालयाजवळच्या एका टायपिंगच्या दुकानात सतरा वर्षं दस्त टाइप करते: खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, लिव्ह अँड लायसन्स. हे सांगायचं कारण पुढे येईल.

आधी दुकानाबद्दल. दुपारी तीनला गेले होते, गिऱ्हाईक कमी. सराफकाकांनी गादीवर निळं मखमली कापड अंथरलं आणि कागदाच्या पुड्यांतून पाच खडे काढून ओळीने मांडले. खडा कसा बघायचा हे त्यांनी मला शिकवलं, त्याबद्दल त्यांना पूर्ण गुण. चिमट्यात धरून खडा हळूहळू फिरवायला लावला. एका बाजूने निळा दिसतो, दुसऱ्या बाजूने जांभळा. काच असेल तर कुठूनही बघा, रंग एकच. 'ताई, दुकानातला दिवा बघू नका, दारात या,' म्हणाले, आणि खरंच पायरीवर उन्हात नेऊन दाखवला. पिवळ्या बल्बखाली खडा जांभळ्याकडे झुकतो, दिवसाच्या उजेडात आणि ट्यूबलाइटखाली निळा होतो. मी ट्यूबलाइटखाली दिवस काढते, त्यामुळे माझ्या बोटावर तो बहुतेक वेळ निळाच असतो. संध्याकाळी देवापाशी समई लावताना जांभळा होतो. सव्वा वर्षात त्याची सवय झालेली नाही, रोज बघते.

भट्टीबद्दलही त्यांनी लपवलं नाही. हा खडा जमिनीतून निघतो तेव्हा बहुतेक वेळा तपकिरी असतो. तो साधारण ५०० ते ६०० अंशांपर्यंत तापवला की तपकिरी छटा जाते आणि निळा-जांभळा उरतो. बाजारातला जवळजवळ प्रत्येक टांझानाइट तापवलेला असतो, त्यात फसवणूक नाही, रंग टिकतो. कोणी 'न तापवलेला' म्हणून जास्त पैसे मागितले तर प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट मागा. पैलू पाडायचं काम जयपूरला होतं. काकांचाही माल तिथूनच येतो.

आता तक्रार. आजीचे चांदीचे तोडे मी अंगठीसाठी दिले होते. दोन्ही मिळून ३१२ ग्रॅम. ठरलं असं की माझ्यासमोर आटवायचे, त्यातली लागेल तेवढी चांदी अंगठीत घालायची, उरलेलीची लगड मला परत. मी शनिवारी सुट्टी काढून ठाण्याला गेले तर तोडे आदल्या दिवशीच आटवून झाले होते. 'कारागीर गावाला जाणार होता, ताई.' परत मिळालेलं वजन आणि अंगठी मिळून घट ४१ ग्रॅम निघाली. जुन्या गावठी चांदीत भेसळ असते, जोडाचा डाग असतो, घट येते, हे मला ठाऊक आहे. ४१ ग्रॅम खरेही असतील. पण मी बघितलं नाही. ते तोडे आजीच्या पायात चाळीस वर्षं होते. आतल्या बाजूला घासून गुळगुळीत झालेली एक जागा होती, तिथे मी लहानपणी बोट फिरवायचे. आटताना मला तिथे असायचं होतं. काकांनी मजुरीतले पाचशे कमी केले. मी ते घेतले, पण माझं समाधान झालेलं नाही आणि तसं त्यांना सांगितलं. जुनी चांदी देणार असाल तर दिवस आणि वेळ पावतीवर लिहून घ्या.

वापराबद्दल. टांझानाइट अंगठीसाठी नाजूक आहे. काठिण्य साडेसहाच्या आसपास. नीलम नऊ. घरातल्या साध्या धुळीत गारेचे कण असतात, ते सातचे, म्हणजे नुसत्या धुळीच्या फडक्यानेसुद्धा चरे पडू शकतात. मी दिवसभर कीबोर्डवर आणि काउंटरच्या कडप्प्यावर हात आपटते. आठव्या महिन्यात वरच्या सपाट पैलूच्या कडेला केसाएवढा चरा दिसला, आता दोन आहेत. लोकलमध्ये दांड्याला धरताना मी अंगठी आत फिरवून घेते, तरीही. गरम पाण्याची वाफ नको, सराफाकडचं ते कंपनाचं मशीन अजिबात नको. कोमट पाणी, थोडा साबण, जुना मऊ ब्रश, बस. ज्यांचं हाताचं काम आहे त्यांनी पेंडंट किंवा कानातलं करावं. हे काकांनी आधी सांगायला हवं होतं. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

इथपर्यंतचं कोणीही लिहील. मला लिहायचंय ते सर्टिफिकेटबद्दल.

खड्याबरोबर एटीएम कार्डाएवढं प्लास्टिकचं सर्टिफिकेट मिळालं. खनिज: झोइसाइट. प्रकार: टांझानाइट. वजन, माप, रंग, घाट, वक्रीभवनांक, शेरा: उष्णता प्रक्रिया. मी घरी येऊन ते वाचलं तसं मी दस्त वाचते, ओळीवर बोट ठेवून. आणि सवयीने चतुःसीमा शोधली. दस्तात मिळकतीची चतुःसीमा लिहावीच लागते. पूर्वेस अमुक यांचं शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट. ती नसेल तर दस्त अपुरा. ह्या खड्याच्या कागदावर त्याच्या जमिनीबद्दल एक शब्द नव्हता.

आणि ह्या खड्याची चतुःसीमा सांगणं तर जगातल्या सगळ्या रत्नांत सोपं आहे, कारण तो एकाच ठिकाणी मिळतो. टांझानियाच्या उत्तरेला, किलिमांजारोच्या बाजूला, सिमांजिरो जिल्ह्यात मिरेरानी नावाच्या टेकड्या आहेत. काही किलोमीटरचा पट्टा. त्याबाहेर पृथ्वीवर कुठेही विकण्याजोगा टांझानाइट नाही. आणि तो पट्टा मासाई लोकांच्या चराईचा. गाई, शेळ्या, मेंढ्या. म्हणजे आमच्यासारखेच.

तेव्हापासून मी रात्री जेवणं झाली की मोबाइलवर वाचत बसायचे. इंग्रजी मला वाचता येतं, हळू. १९६७ मध्ये हा खडा पहिल्यांदा बाहेरच्या जगाला कळला. पहिला दावा नोंदवणारा माणूस मूळचा गोव्याकडचा, अरुशा शहरात शिंपीकाम करणारा मॅन्युएल डिसूझा. फावल्या वेळात तो सोनं शोधत हिंडायचा. पुढे १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या टिफनीने खड्याला टांझानाइट हे नाव दिलं आणि विकायला काढला. टांझानियाच्या सरकारने मात्र शोधाचा मान जुमाने न्गोमा यांना दिला, आणि २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष मागुफुलींनी त्यांचा जाहीर सत्कार केला. आधी खडा कोणाला दिसला यावर पन्नास वर्षं वाद. त्या वादात जेवढी नावं मी वाचली ती सगळी पुरुषांची. ज्या माळावर जनावरं चरायची, जिथून बाया पाणी-सरपण आणायच्या, तिथे एकाही बाईच्या पायाला तो दगड कधी लागला नसेल हे मला पटत नाही.

१९९० मध्ये त्या पट्ट्याचे चार ब्लॉक पाडले गेले. अ, ब, क, ड. क ब्लॉक मोठ्या कंपनीकडे, ब आणि ड मध्ये छोटे खाणवाले, दोरीने खाली उतरणारे. अरुंद बोगद्यांत शिरणाऱ्या पोरांना तिथे 'न्योका' म्हणत. स्वाहिलीत न्योका म्हणजे साप. १९९८ मध्ये पावसाचं पाणी बोगद्यांत शिरलं आणि कितीतरी माणसं आत बुडून गेली. २०१८ मध्ये सरकारने सगळ्या खाणपट्ट्याभोवती चोवीस किलोमीटरची भिंत पुरी केली, चोरटी निर्यात थांबावी म्हणून. चोवीस किलोमीटर म्हणजे माझ्या कोपरखैरण्याच्या घरून निघून ठाण्याच्या दुकानापर्यंत जाऊन परत येण्याएवढं, जवळपास. त्या भिंतीला बाजू आहेत, दार आहे, पहारा आहे. माझ्या कार्डावर तिच्या पूर्वेस काय आणि पश्चिमेस काय हे नाही.

जून २०२० मध्ये सनिनियू लायझर नावाच्या मासाई खाणवाल्याला दोन मोठे खडे सापडले, मिळून चौदा किलोच्या वर. सरकारने ते विकत घेतले, तो एका दिवसात देशातला श्रीमंत माणूस झाला. त्याने गावात शाळा बांधायचं बोलून दाखवलं, ही चांगली गोष्ट. बातम्यांत लिहिलं होतं की त्याला चार बायका आणि तीसहून जास्त मुलं आहेत. मी जेवढ्या बातम्या वाचल्या त्यांपैकी एकीतही त्या चौघींचं नाव नव्हतं.

मासाईंमध्ये घर बाई बांधते. काटक्या, माती, शेण, सगळं तिच्या हातचं, आणि ते घर तिचं मानतात. दूध तिचं. किती वासराला ठेवायचं, किती काढायचं, कोणाला द्यायचं, ती ठरवते. गाय मात्र पुरुषाची. हे वाचलं तेव्हा मी मोबाइल खाली ठेवला. आमच्या वाड्यात, वाडा म्हणजे घर नव्हे, मेंढपाळांचा तांडा, तिथेही हेच. कळप पुरुषाचा, कोकरं बाईकडे. लोकर पुरुष कातरतो, सूत बाई कातते, घोंगडी सनगर विणतो. घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, उतरायचं, तीन दगडांची चूल मांडायची, कुठल्या ओढ्याचं पाणी माणसाला आणि कुठल्याचं मेंढराला हे ठरवायचं, हे बाईचं. मेंढरू विकलं की पैसे गड्याच्या खिशात.

टांझानियात १९९९ चा गावजमीन कायदा आहे. त्यात बाईला जमीन घ्यायचा, धरायचा पुरुषाइतकाच हक्क दिलेला आहे. गावाच्या जमीन पंचायतीत सात माणसं असतात, त्यांतल्या तीन बाया असाव्यात असंही लिहिलेलं आहे. वहिवाटीचा दाखला नवरा-बायको दोघांच्या नावे निघू शकतो. कागद चांगला आहे. सतरा वर्षं कागद बघून मी सांगते, कागद चांगला असला म्हणून नाव आपोआप चढत नाही. नवरा गेला की जनावरं मुलांकडे आणि दिरांकडे, हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नसतं.

मोकोरो नावाच्या संस्थेने टांझानिया आणि मंगोलियातल्या स्थानिक संस्थांना बरोबर घेऊन नेमका ह्याच प्रश्नाचा अभ्यास केला आहे: गुरं-मेंढरं पाळणाऱ्या लोकांत खाण आली की बाईच्या जमिनीचं काय होतं. टांझानियातली त्यांची दोन गावं म्हणजे नैसिन्याई आणि मुंदरारा. नैसिन्याई टांझानाइटच्या खाणीला लागून. माझा खडा तिथल्याच मातीतला. मुंदरारा लोंगिदो जिल्ह्यात, तिथे माणिक निघतं, हिरव्या झोइसाइटमध्ये रुतलेलं. हिरव्या दगडात लाल ठिपके असलेली मण्यांची ब्रेसलेटं तुम्ही बघितली असतील, वाशीच्या प्रदर्शनांतही येतात, काकांच्या काउंटरवर तर बरणीत होती. 'रूबी झोइसाइट' म्हणून विकतात. तो दगड लोंगिदोकडचा. त्याला अनियोलाइटही म्हणतात, मासाई भाषेत हिरव्याला 'अनियोली' म्हणतात म्हणून. भाषेतला एक शब्द तरी दगडाबरोबर आला. मुंदराऱ्यात पुरुष खाणीत उतरतात, आणि बाहेर फेकलेला राडारोडा बाया चाळत बसतात, उरलेसुरले लाल कण शोधत.

मंगोलियातली गोष्ट ऐकून तर आमचं गायरानच डोळ्यांसमोर आलं. तिथे कुरण कोणाच्याच मालकीचं होत नाही, सरकारचं, सगळ्यांनी वापरायचं. मेंढपाळाला कागद मिळतो तो फक्त हिवाळी तळाचा, बर्फात कळप जिथे थांबतो त्या जागेचा. आणि तो कागद सहसा घरकर्त्याच्या नावे, म्हणजे पुरुषाच्या. खाणीला जागा लागली, बोलणी झाली, भरपाई ठरली की समोर कागदावरचं नाव बसतं. दोन्ही देशांत सगळ्यांत कच्चा हक्क विधवांचा, नवऱ्याने सोडलेल्यांचा, एकट्या बायांचा, असं त्या अभ्यासात दिसलं. त्यांनी नुसतं लिहून ठेवलं नाही, पुढे त्याच गावांत बाया आणि पुरुष दोघांना, जुन्या जाणत्या प्रमुखांनाही, जमिनीच्या कायद्याचं शिक्षण दिलं. हे मला फार आवडलं. गावच्या म्हाताऱ्याला पटल्याशिवाय आमच्याकडेही काही हलत नाही.

आता आजीचं सांगते.

आमच्या गावच्या गायरानावर मी चौथीत असताना खडीची खाण आली. सातबारावर गायरानाला मालक सरकार, इतर हक्कात गुरचरण. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २२ खाली गुरं चारायला ठेवलेली जमीन. आधी जिलेटिनचा बार, मग क्रशर, मग डंपर. घरातली मोठी मेंढरं चुलते घेऊन दिवाळीनंतर माळशेज उतरून मुरबाडकडे जायचे, भाताच्या मोकळ्या खाचरांत बसवायला. आजी गावात राहायची पंधरा-वीस लंगडी, म्हातारी, गाभण मेंढरं घेऊन. तिला लांब जाता यायचं नाही, तिचं सगळं ते गायरान. डंपरची वाट आमच्या दोन एकरांच्या बांधावरून गेली. त्या वाटेचे वर्षाला काही पैसे ठरले. ते चुलत्यांना मिळायचे, कारण सातबारावर नाव चुलत्यांचं. आजीच्या मेंढरांची पाण्याची वाट त्याच डंपरखाली गेली, तिचे कोणी काही ठरवले नाहीत, कारण पाण्याच्या वाटेला सातबारा नसतो. गवतावर पांढरी भुकटी बसायची. आजी सकाळी गवताचा मूठभर झुपका उपटून मांडीवर झटकायची, तोंडात घालून चावून बघायची, आणि मग मेंढरं सोडायची. दात कचकचले तर पुढे न्यायची. तिसऱ्या वर्षी सोडून दिलेल्या खड्ड्यात तिची एक गाभण मेंढी पडली. आजीने पंचायतीत जाऊन सांगितलं, तिला 'घरातलं कोणी पाठव' म्हणाले.

मी पंचायतीत किंवा खाणवाल्यांत कोणाचं नाव घेत नाही. त्यांतले बरेच आता नाहीत.

आजोबा गेल्यावर वारसनोंद झाली तेव्हा आजीचं नाव सातबारावर आलं होतं. कायद्याने येतंच. दोन वर्षांनी तिने हक्कसोडपत्रावर अंगठा दिला. तो दस्त मी पुढे नक्कल काढून वाचला. 'मी माझ्या राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, विनामोबदला...' हीच वाक्यं मी आठवड्याला पाच-सहा वेळा टाइप करते, बहिणींची भावांना, आयांची मुलांना. समोर ती बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर पदर हातात गुंडाळत बसलेली असते. मी आता टाइप करायच्या आधी वाचून दाखवते. दुकानमालक म्हणतात वेळ जातो. मी म्हणते जाऊ दे. १९९२ च्या लक्ष्मीमुक्तीच्या परिपत्रकाने बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची सोय झाली, १९९४ पासून महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा आहे, २००५ पासून सगळ्या देशात. हे मी प्रत्येकीला सांगते. काही जणी उठून बाहेर जातात, फोन करतात. थोड्या परत येतच नाहीत.

म्हणून ते तोडे. आजीच्या स्वतःच्या नावावर आयुष्यभरात राहिलं ते तेवढंच. सूत कातून घेतलेले. दख्खनी मेंढीची काळी लोकर, चरख्यावर कातलेलं सूत सनगराकडे जायचं, त्याचे सुटे पैसे ती गोधडीच्या शिवणीत ठेवायची. आता तर कातरणीची मजुरीही लोकरीतून निघत नाही, लोक लोकर टाकून देतात. तिच्या वेळी निघायची. तोडे तिने माझ्या आईला दिले नाहीत, सुनेकडून लेकाकडे जातील म्हणून. मला दिले.

ह्या जानेवारीत मी मुरबाडला गेले. माझ्या आत्याचा वाडा अजून उतरतो तिकडे, सरळगावच्या पुढे एका कातकऱ्याच्या वस्तीशेजारी बसला होता. वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावलेली, आत कोकरं. आत्या पाटीखाली डालायला कोकरं मोजत होती. तिने माझा हात धरला, अंगठी आडवी करून उन्हात बघितली, मग खड्याकडे दुर्लक्ष करून मागची चांदी नखाने खरवडली.

'आईच्या तोड्याची?'

'हो.'

'आन् बाकीची?'

मी लगड घरी आहे म्हणून सांगितलं, आणि घटीचंही सांगितलं. ती गप्प राहिली. मग विचारलं, 'खडा कुडला?' मी मिरेरानीचं सांगितलं. लांबचा देश, तिथेही मेंढरं-गाई हाकणारे लोक, त्यांच्या माळावर खाण, भोवती भिंत. बायांचं नाव कागदावर नाही. तिने सगळं नीट ऐकलं. कोकरू मांडीवर घेऊन त्याच्या खुरातली माती काढत म्हणाली, 'भिंतीच्या आत पानी व्हतं का त्यांचं?'

मला माहीत नव्हतं. अजून शोधते आहे. मी एवढं वाचलं, पण हा प्रश्न मला पडला नव्हता. पहिला हाच पडायला हवा होता.

गेल्या शनिवारी पुन्हा ठाण्याला गेले. अंगठी मोडून पेंडंट करायला टाकली, चरे वाढायच्या आत. बंद कोंदणात बसवणार, म्हणजे कडा सुरक्षित. मजुरी ९०० सांगितली. ह्या वेळी अंगठीची चांदी माझ्यासमोर आटवली. कारागिराला वर बोलावलं, मुशीत आटताना मी उभी होते, वजन आधी आणि नंतर दोन्ही पावतीवर लिहिलं, घट अर्ध्या ग्रॅमच्या आत. त्यामुळे आधीची तक्रार मी पूर्ण मागे घेत नाही, पण दुकान सुधारलं हे नोंदवते.

काकांना मी विचारलं, हा खडा कुठल्या खाणीतला, छोट्या खाणवाल्याचा की कंपनीचा, तुमच्या जयपूरच्या माणसाला माहीत असेल का. ते चिडले नाहीत. 'ताई, चाळीस वर्षांत हे कोणी विचारलं नाही,' म्हणाले, आणि माझ्यासमोर जयपूरला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, अरुशाच्या दलालाकडून मिश्र लॉट येतो, पुढचं सांगता येत नाही. हे खरं उत्तर असावं. रत्नांच्या धंद्यात कच्चा माल इतक्या हातांतून जातो की मागची वाट पुसते. पण विचारणारं गिऱ्हाईक वाढलं तर दलालालाही विचारावं लागेल, म्हणून तुम्ही घेणार असाल तर विचारा. टांझानाइटच नव्हे, त्या बरणीतल्या हिरव्या-लाल मण्यांबद्दलही.

मग मी म्हटलं, निदान जेवढं पक्कं आहे तेवढं लिहून द्या. त्यांनी पावती उलटी केली आणि पेनाने लिहिलं: 'खडा टांझानाइट, मिरेरानी, सिमांजिरो जिल्हा, टांझानिया येथील.' खाली सही आणि दुकानाचा शिक्का. मी ती पावती आजीच्या हक्कसोडपत्राच्या नकलेबरोबर त्याच फाइलमध्ये ठेवली आहे. पेंडंट बुधवारी मिळेल.